सरकारी तारीख आणि खाडीची तिथी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रेवस ते रेडी सागरी महामार्गाच्या आणि त्यावरच्या खाडीपुलांच्या बातम्या आपल्या दैनिकात येतात, त्या आम्ही आवर्जून वाचतो. पूल व्हायलाच हवेत. पण ते होणार महामार्गाच्या रेषेवर, बहुतेक खाडीच्या मुखाजवळ. बाणकोट, दाभोळ, जयगड या खाड्यांच्या आत शिरलं की पाठीला डोंगर आणि बाकी बाजूंना पाणी, खाजण नाहीतर चिखल अशा वाड्या लागतात. तिथला माणूस अजून बरीच वर्षं होडीनेच अलीकडे येणार आहे. या वाड्यांसाठी पैसा येत नाही असं नाही. येतो, खर्चही होतो. पण काम तारखेवर आणि घड्याळावर ठरतं, आणि खाडीचं पाणी तिथीवर चालतं. हा मेळ न घातल्यामुळे काय काय बिघडतं, तेवढंच या पत्रात लिहायचं आहे.

हिशेब सोपा आहे आणि किनाऱ्यावरच्या शाळकरी पोरालाही येतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. दुपारी आणि पहाटे, सकाळी आणि रात्री, असं दिवसातून दोनदा. हा आडाखा आहे, पंचांग नव्हे. ठिकाणाप्रमाणे वीस मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत फरक पडतो. किनाऱ्याने दक्षिणेकडे जावं तशी भरती मुंबईच्या आधी येते, आणि त्याच खाडीत आत शिरावं तशी ती मुखापेक्षा उशिरा पोचते. पावसात वरून नदीचं पाणी येत असलं की आतल्या भागात ओहोटी (इकडे सुकती म्हणतात) लांबते आणि भरती आखडते. सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही हेही लक्षात ठेवावं लागतं. पहिल्या आणि शेवटच्या तासाला ते जेमतेम हलतं, मधल्या दोन तासांत निम्मं पाणी चढून जातं. म्हणून ‘अजून तासभर आहे’ या भरवशावर राहिलेला पाहुणा हमखास चिखलात उतरतो.

दुसरी गोष्ट उधाण आणि भांग. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे भरती फार वर आणि ओहोटी फार खाली. अष्टमीच्या पुढेमागे भांग, म्हणजे दोन्ही मवाळ. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उधाणाला पाण्याच्या पातळीत अडीच-तीन मीटरचा फरक पडतो, भांगाला तो मीटर-सव्वामीटरवर येतो. मुंबईकडे हे आकडे बरेच मोठे, गोव्याकडे लहान.

आता धक्क्याकडे या. आतल्या खाड्यांमधले कित्येक धक्के भरतीच्या पाण्याला बांधलेले आहेत. पाहणी झाली तेव्हा भरती असावी, उद्घाटनाला तर हमखास असतेच. चिखलाचा उतार साधारण वीसास एक धरला, तर पाणी तीन मीटर उतरताच धक्क्याच्या टोकापुढे साठ मीटर चिखल उघडा पडतो. कुठे घोट्यापर्यंत, कुठे मांडीपर्यंत. त्यात कालवांच्या शिंपा, तुटक्या बाटल्या, जाळ्यांचे तुकडे. उधाणाच्या दिवसांत असा धक्का पूर्ण भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास एवढाच उपयोगाचा. चोवीस तासांतले आठ तास, आणि त्यातले निम्मे रात्रीचे. भांगाला भरतीच मवाळ, तेव्हा पाणी धक्क्यापर्यंत चढतं न चढतं. पण तक्रार केली आणि अधिकारी उधाणाच्या भरतीला येऊन पाहून गेले, तर ‘धक्क्याला पाणी आहे’ असा शेरा पडतो. त्यात खोटं काही नसतं, फक्त तिथी चुकलेली असते.

धक्का लांबवायचा तर दगड-मातीचा भराव टाकत पुढे जाणं हा सर्वांत महागात पडणारा उपाय. भरावाने प्रवाह अडतो, त्याच्या सावलीत गाळ बसतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत नवं टोकही कोरडं पडतं. खांबांवर उभा केलेला धक्का खालून पाणी वाहू देतो, गाळ कमी धरतो. त्याच्या टोकाला तरंगता तराफा आणि दोघांना जोडणारी बिजागरीची शिडी असावी. तराफ्याची जागा उधाणाच्या ओहोटीलाही खाली किमान मीटरभर पाणी राहील अशी निवडायची. शिडीची लांबी इथेच चुकते. तीन मीटरच्या उतारासाठी बारा मीटर शिडी दिली तर चारास एक असा चढ होतो. धडधाकट माणूस चढेल, पण रुग्णाची डोली घेऊन चढता येत नाही. त्यासाठी सहास एक हवा, म्हणजे अठरा मीटर. तराफा साखळीने नुसता बांधला तर पुरात वाहून येणारे ओंडके तो उपटून नेतात. तो उभ्या खांबांना कड्यांनी अडकवून वरखाली होऊ द्यायचा. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. साधे गॅल्वनाइज्ड बोल्ट दोन पावसाळ्यांत भाकरीसारखे फुगतात आणि मग पान्याला दाद देत नाहीत.

एवढा पैसा नसेल तर धक्क्याच्या कडेने उधाणाच्या ओहोटीपर्यंत जाणारी काळ्या दगडाची उतरती फरसबंदी करावी. जांभा नको, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात तो भुसभुशीत होतो. दर महिन्याला कोयत्याने शेवाळ आणि कालवं खरवडायची मजुरी अंदाजपत्रकात धरावी. ती कधीच धरलेली नसते, आणि मग घसरून हात मोडलेल्या बाईला ‘जपून चालायचं ना’ असं ऐकून घ्यावं लागतं.

शिबिरांचं तसंच. ‘दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहा ते एक’ असं आरोग्य शिबिर ठरतं. पहिला मंगळवार कधी पंचमीला येतो, कधी एकादशीला. पंचमीला भरती पावणेचारची, म्हणजे सकाळी दहाला पाणी नुकतंच परतू लागलेलं. पथक अलीकडच्या तीरावर दोन तास बसतं, एकला गुंडाळून जातं आणि नोंदवहीत ‘प्रतिसाद अल्प’ असं लिहिलं जातं. त्याऐवजी त्रयोदशी ते प्रतिपदा यांतला दिवस धरला तर भरती पावणेदहा ते पाऊणच्या दरम्यान येते. त्रयोदशीला आठला आलेलं पथक एकाच भरतीत साडेअकराला परत जाऊ शकतं. लसीकरण, आधारची दुरुस्ती, निवडणुकीच्या साहित्याची ने-आण, सगळ्याला हाच हिशेब लागू. लसीच्या शीतपेटीला तर फारच, कारण बर्फाच्या पिशव्या चिखलात वाट बघत थांबत नाहीत.

रेशनचं धान्य पन्नास किलोच्या पोत्यांत येतं. भरतीला होडी थेट धक्क्याला लागली तर दोन माणसं तासाभरात वीस पोती उतरवतात. ओहोटीला तेच पोतं डोक्यावर घेऊन चिखलातून यावं लागतं, हमाली दुप्पट होते आणि एखादं भिजतंच. भिजलेला तांदूळ इथल्या हवेत दोन दिवसांत आंबूस होतो. 2025 साली केंद्राने जून ते ऑगस्टचं धान्य आगाऊ उचलायची मुभा दिली होती. खाडीपलीकडच्या वाड्यांसाठी ती दरवर्षीची पद्धत व्हावी आणि धान्य मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात पोचावं. घरोघरी बेगमीचे दिवस तेच असतात. वलांडीवर बोंबील वाळत असतात, दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडीने दोरीवर टाकलेले. पलीकडे खळ्यात जवळा, पडवीत सरपण आणि आमसुलं. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद, म्हणजे हातात पैसाही नाही. तेव्हा धान्य घरात असलं की निम्मी काळजी मिटते.

रुग्णाची गोष्ट थोडी सविस्तर लिहायला हवी, कारण तिथे तासांचा प्रश्न असतो. जांभ्याच्या सड्यावर आणि काजूच्या बागांत फुरसं भरपूर, भाताच्या खाचरांच्या आसपास घोणस. दोघांचंही विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवतं. प्रतिविष उपकेंद्रात ठेवा अशी मागणी गावोगाव होते. आमच्या मते ती अपुरी आहे आणि थोडी धोक्याचीही. पहिला डोसच आठ ते दहा कुप्यांचा असतो, तो शिरेतून द्यावा लागतो आणि त्याची तीव्र रिॲक्शन आली तर अ‍ॅड्रिनलिन टोचणारा डॉक्टर शेजारी हवा. तो नसेल तर कुप्या फ्रिजमध्ये पडून मुदतबाह्य होतात. वाडीत व्हायला हवं ते इतकंच: पाय फळीला बांधून स्थिर ठेवणं, घट्ट दोरी न आवळणं, जखम न कापणं, रुग्णाला चालू न देणं आणि तासाच्या आत पाणी ओलांडणं. पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रात कोरड्या, नव्या काचेच्या कुपीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर विष अंगात भिनलंय हे कळतं. ही तपासणी स्वस्त आणि सोपी, फक्त कुपी साबणाने धुतलेली नको. विंचवाच्या बाबतीत महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिल्यापासून मृत्यू फार कमी झाले. ती गोळी तोंडाने देता येते, स्वस्त आहे, आणि डॉक्टर फोनवरून सांगतील त्याप्रमाणे आरोग्यसेविका ती देऊ शकेल, अशी सोय प्रत्येक पैलतीरावर असावी.

पण सापाचं काय, तो तर बहुधा संध्याकाळी किंवा रात्री चावतो. तेव्हा ओहोटी असली तर 108 ची गाडी अलीकडच्या धक्क्यावर दिवे लावून उभी आणि डोली पलीकडे चिखलाच्या काठावर, असं दृश्य होतं. यावर उपाय महागडी जलरुग्णवाहिका नव्हे. पंधरा-अठरा फुटांची, सपाट तळाची, वीतभर पाण्यातही तरंगणारी फायबरची होडी, मागे उचलता येणारं लहान इंजिन, दोन वल्ही, एक लांब बांबू आणि ठरलेल्या मानधनावर रात्रपाळीचा तरीवाला. चिखलावर टाकायला तीन फूट रुंद, सहा फूट लांबीचे प्लायवूडचे सहा तुकडे. मागचा उचलून पुढे टाकत गेलं की डोलीवाले घोट्याच्या वर रुतत नाहीत. बस, एवढंच.

आता खारबंदिस्ती. वाडीचं भात जिथे पिकतं ती जमीन उधाणाच्या पातळीच्या खालची असते, बांधामुळे वाचलेली. पूर्वी अलिबाग-पेणच्या खारेपाटात शेतकरी एकत्र येऊन ‘जोळ’ पद्धतीने आपापले बांध सांभाळत. 1948 च्या आणि नंतर 1979 च्या खारजमीन कायद्याने मोठी जबाबदारी सरकारकडे गेली. बांध सरकारी झाला तशी फावडी घरात राहिली, हेही कबूल करायला हवं.

बांधाचा जीव उघाडीत असतो. उघाडी म्हणजे बांधातून काढलेला चिऱ्याचा किंवा काँक्रीटचा मोरीसारखा मार्ग आणि त्याच्या खाडीकडच्या तोंडावर वरून बिजागरीला टांगलेली झडप. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर जातं, भरतीला खाडीचं पाणी तिला दाबून बंद करतं. माणूस लागत नाही, वीज लागत नाही. बिघडतं ते असं. झडपेच्या बुडाशी मनगटाएवढं लाकूड अडकतं आणि चार बोटांची फट राहते. त्या फटीतून एका उधाणात आत येणारं पाणी कित्येक खाचरांना पुरतं. लोखंडी बिजागऱ्या तीन-चार वर्षांत गंजून झडप तिरकी लोंबते. बाहेर गाळ साचला की ती उघडतच नाही, मग आतलं पाणी तुंबून रोप कुजतं. आणि चौथं कारण लिहायला लाज वाटते, पण लिहितो. उघाडीच्या तोंडाशी मासळी चांगली मिळते म्हणून झडपेखाली मुद्दाम दगड ठेवून जाळं लावणारे बाहेरचे नसतात.

एकदा खारं पाणी शिरलं की ते वर्ष गेलंच. मीठ धुऊन जायला दोन-तीन पावसाळे लागतात, तेही शेतात पाणी साठवून पुन्हापुन्हा बाहेर काढलं तर. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राच्या पनवेल-1, 2, 3 या जाती किंवा जुना लाल ‘राता’ थोडं मीठ सोसतात. थोडंच.

बांधाला खेकड्यांची, घुशींची बिळं पडतात. एप्रिलमध्ये ती ओल्या चिकणमातीने ठोकून बुजवली तर खर्च दोन दिवसांच्या मजुरीचा. नाही बुजवली तर जुलैच्या उधाणात तिथेच खांड (भगदाड) पडते. पाच मीटरची खांड दोन उधाणांत वीस मीटर होते, कारण आत शिरलेलं सगळं पाणी ओहोटीला त्याच वाटेने परत निघतं आणि कडा खात जातं. ती बुजवण्याची वेळ एकच: भांग. सप्तमीला कामाला लागायचं, दशमीच्या आत वाट बंद करायची. आधी दोन्ही कडा दगडाने आवळून घ्यायच्या, म्हणजे खांड रुंदावत नाही. मग खांडीच्या तळात खुंटांच्या दोन रांगा, त्यांना बांबूचे तट्टे, मधे पाऊण भरलेली मातीची पोती. पूर्ण भरलेलं पोतं गोल राहतं आणि फटी ठेवतं, पाऊण भरलेलं दबून बसतं. शेवटचा मीटर ओहोटी पूर्ण थांबते त्या अर्ध्या तासात, सगळे हात लावून. वर चिकणमाती, थराथराने ठोकून. माती बांधाच्या पायथ्याची काढायची नाही, नाहीतर पुढची खांड तिथेच. खाडीकडच्या बाजूची तिवरं-कांदळं लाटेचा जोर मोडतात, ती तोडायची नाहीत. पण प्रत्यक्ष बांधावर रुजलेली रोपं लहानपणीच काढावीत, मुळं मेली की त्यांच्या जागी नळ्या तयार होतात.

हे काम निविदेच्या तारखेने होतं तेव्हा काय होतं ते सांगायला नको. कार्यादेश मिळतो, यंत्र येतं, आणि तो दिवस चतुर्दशीचा असतो. दोन दिवसांत टाकलेली माती तिसऱ्या दिवशी खाडीत. बिल मात्र मातीच्या घनमीटरवर निघतं.

विहिरीबद्दल थोडक्यात. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल तर खाली साधारण चाळीस मीटरपर्यंत त्याचाच अंमल, हे शास्त्र. उलट वाचा: वरची पातळी फूटभर उतरली की खालून खारं चाळीस फूट वर सरकू पाहतं. म्हणून फेब्रुवारीत पाणी मचूळ लागलं की विहीर खोल करणं हा उपाय नाही, तो अपाय आहे. रुंद करावी, आडवे झरे मोकळे करावे, आणि पाच अश्वशक्तीचा पंप तासभर चालवण्याऐवजी लहान पंप दहा-पंधरा मिनिटं चालवून तासभर विसावा द्यावा. वरच्या अंगाला नव्या निवासी रिसॉर्टची कूपनलिका असली तर हा सगळा संयम वाया जातो. परवानगी देताना खालच्या विहिरींची चव मे महिन्यात बघितली जावी, ऑगस्टमध्ये नव्हे. पाच माणसांना पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला तीस लिटर धरले तर फेब्रुवारी ते मे मिळून 3,600 लिटर लागतात. म्हणजे छपराचं पाणी साठवणारी पाच हजार लिटरची एक झाकलेली टाकी पुरते. इथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, टाकी आठवड्यात भरते. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी तेवढं बाहेर सोडायचं, त्यात कौलांवरची घाण आणि मीठ असतं. पाणी निर्जंतुक करायची टीसीएल पावडर हजार लिटरला पाच ग्रॅम, हे प्रमाण सर्वांना पाठ आहे. पण उघड्या पिशवीतली पावडर खाऱ्या दमट हवेत महिन्याभरात निर्जीव होते, तेव्हा ती लहान घट्ट डब्यांतूनच पुरवावी.

वादळांच्या बाबतीत एकच सांगतो. ‘निसर्ग’ 3 जून 2020 ला आलं, 5 जूनला वटपौर्णिमा होती. चिपळूण 22 जुलै 2021 ला बुडालं, 24 ला गुरुपौर्णिमा. कोसळणारा पाऊस किंवा वारा आणि चढतं उधाण एकत्र आलं की पाण्याला उतरायला वाट राहत नाही. बंदरावर वादळी हवेचा इशारा देणारा तीन नंबरचा बावटा चढला तर आमच्याकडचा म्हातारा आधी आकाशाकडे पाहत नाही, कॅलेंडरवरची तिथी पाहतो. तालुक्याच्या नियंत्रण कक्षानेही तेच करावं: पावसाळ्यातल्या सगळ्या उधाणांच्या तारखा मे महिन्यातच काढून त्या दिवशी कोणत्या वाडीची होडी, कोणती उघाडी, कोणता तरीवाला हे नावानिशी लिहून ठेवावं.

आपल्याला एक विनंती. आपल्या दैनिकात भरती-ओहोटीची चौकट येते ती मुंबईची असते. रत्नागिरी आवृत्तीत ती रत्नागिरी आणि जयगडची द्यावी, वेळेबरोबर मीटरमध्ये उंचीही द्यावी, आणि शेजारी तिथी छापावी. जागा दोन बोटं लागेल. ग्रामसेवक, आरोग्यसेविका, मास्तर आणि ठेकेदार हे चौघेही आपला पेपर वाचतात.

आपले,
खाडीपलीकडच्या वाड्यांतले काही रहिवासी
जि. रत्नागिरी